रनवे मोकळा दिसत होता, मग विमान परत वर का नेलं?

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं विचारलंय, त्याचा प्रश्न आधी जसाच्या तसा देतो. उजळाईवाडी म्हणजे आपलं कोल्हापूरचं विमानतळ. "काका, दिवाळीनंतर आईला घेऊन उजळाईवाडीवरून निघालो. पलीकडं उतरताना जमीन इतकी जवळ आली होती की रस्त्यावरच्या गाड्या मोजता आल्या असत्या, आणि एकदम इंजिनचा आवाज वाढला, पोटात गोळा आला, विमान परत वर. पंधरा मिनिटं फिरून मग उतरलो. पायलट म्हणाला रनवे क्लिअर नव्हता. पण मी खिडकीतूनच बघत होतो, रनवेवर कुत्रं सुद्धा नव्हतं. मग तो खोटं बोलला काय? आणि रनवे क्लिअर आहे हे ठरवतं कोण, त्याला काय नियम? आई म्हणते आता रेल्वेनंच जायचं."

खोटं नाही रे बोलला. माझी सगळी नोकरी कंट्रोल टॉवरमध्ये गेली, आता रिटायर होऊन घरी बसलोय, तर जरा सविस्तर सांगतो, वेळ भरपूर आहे.

पहिली गोष्ट, तू बघतोस ते आडवं, बाजूला. तुझी खिडकी बाजूला उघडते आणि रनवे असतो समोर. उतरताना पॅसेंजरला जे दिसतं ते रनवेच्या बाजूचं गवत, टॅक्सीवे म्हणजे विमानांचा रनवेवर ये-जा करायचा रस्ता, नाहीतर कंपाउंडच्या पलीकडची घरं. मोठ्या विमानतळावर रनवेला समांतर टॅक्सीवे असतो, तोही डांबरी, तोही लांबलचक, आणि नवख्या माणसाला तोच रनवे वाटतो. तू ज्याला मोकळा म्हणतोस तो बहुतेक तोच असणार. नवख्याचं सोड, २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोला रात्री एक अख्खं एअरबस रनवे समजून टॅक्सीवेवर उतरायला निघालं होतं, खाली चार विमानं रांगेत उभी, शेवटच्या क्षणी वर घेतलं म्हणून वाचले. तेव्हा तुझ्यावर काय रागवायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोकळा दिसणं वेगळं आणि क्लिअर असणं वेगळं. आमच्या भाषेत क्लिअर हा शब्द डोळ्याला काय दिसतं यावर नाही, एका ठराविक क्षणावर टांगलेला आहे. तो क्षण म्हणजे उतरणारं विमान थ्रेशोल्ड ओलांडतं तो. रनवेच्या सुरुवातीला झेब्रा क्रॉसिंगसारखे पांढरे जाड पट्टे बघितले असशील, तिथून उतरायची हद्द चालू होते. आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे आयकाओ या जागतिक विमान वाहतूक संघटनेचं डॉक्युमेंट ४४४४, जे आमच्याकडं सगळ्यांना जवळपास पाठ असतं, ते काय म्हणतं, की उतरणाऱ्या विमानानं थ्रेशोल्ड ओलांडायच्या आत आधी उतरलेलं विमान रनवेच्या बाहेर गेलेलं पाहिजे. आणि आधीचं विमान उडणारं असेल तर त्यानं रनवेचं पलीकडचं टोक ओलांडलेलं पाहिजे किंवा वळायला सुरुवात केलेली पाहिजे. नुसती चाकं उचलली म्हणून चालत नाही. चाकं उचलली पण अजून रनवेच्या डोक्यावरच आहे, तर नियमानं रनवे अजून त्याचाच.

जून २०२४ मध्ये मुंबईचा एक व्हिडिओ सगळीकडं फिरला होता बघ, एक विमान टेकऑफच्या रोलवर आहे, म्हणजे उडायला रनवेवर धावतंय, आणि त्याच रनवेवर मागं दुसरं चाकं टेकतंय. लोक म्हणाले, काय झालं, धक्का तर लागला नाही. डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान खात्यानं, चौकशी लावली ती काय उगीच नाही. पुढच्यानं काही कारणानं टेकऑफ सोडून ब्रेक मारले असते तर मागच्याला जायला जागाच नव्हती. पुढच्याचं सगळं नीट होईल असं धरून मागच्याला आत घ्यायचं नाही, हा त्या नियमामागचा हिशोब आहे.

आता बाहेर गेलं म्हणजे नक्की कधी, इथं गंमत आहे. आपल्याकडं हंगामात उसाचा ट्रॅक्टर फाट्यावरून वळताना बघतोसच की. ट्रॅक्टर वळून पुढं गेला, ड्रायव्हरला वाटतं आपण रस्ता सोडला, पण मागं दोन ट्रॉल्या आहेत आणि दुसरी अजून हायवेवर आडवीच. मोटरसायकलवाला ट्रॅक्टर गेला म्हणून वेग धरतो आणि त्या ट्रॉलीवर आदळतो. विमानाचंही तसंच. नाक बाहेर गेलं म्हणजे विमान बाहेर गेलं नाही. रनवेतून बाहेर पडायच्या टॅक्सीवेवर पिवळ्या चार रेघा मारलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा टॅक्सीवेच्या बाजूला, तुटक रनवेच्या बाजूला. जेट उतरतात तसल्या विमानतळांवर या रेघा रनवेच्या मध्यापासून साधारण ७५ ते ९० मीटरवर असतात. शेपटीसकट अख्खं विमान त्या रेघांच्या पलीकडं गेलं, की मगच पायलटनं "रनवे व्हेकेटेड" म्हणायचं. आधी नाही.

थोडं गणित करू. एटीआर ७२ हे २७ मीटर लांब, एअरबस ३२० साडेसदतीस मीटर. रनवेच्या मध्यापासून वळून रेघेपर्यंत ९० मीटर आणि वर शेपटी, म्हणजे सव्वाशे मीटर झाले. टॅक्सी करताना वेग सेकंदाला सातेक मीटर, म्हणजे सतरा-अठरा सेकंद लागले. या सतरा-अठरा सेकंदात पुढच्या विमानातल्या पॅसेंजरला वाटत असतं की आपण रनवे कधीच सोडला, लोक उठून बॅगा काढायला लागलेत, एअरहोस्टेस ओरडतीय बसा म्हणून. आणि मागं जे विमान येतंय ते १४० नॉटनं, म्हणजे ताशी २६० किलोमीटरनं, सेकंदाला ७२ मीटर. सतरा सेकंदात ते सव्वा किलोमीटर जवळ आलं. तुझ्या विमानाचं असंच काहीतरी झालं असणार असा माझा अंदाज आहे, पुढच्या विमानाला जिथून बाहेर पडायचं होतं ती एक्झिट हुकली, ते पुढच्या एक्झिटपर्यंत घरंगळत गेलं, आणि तोपर्यंत तुम्ही दारात. त्या शेवटच्या काही सेकंदात त्याची शेपटी रेघेच्या आत होती की बाहेर एवढाच प्रश्न होता. नियमाला ते "जवळजवळ बाहेर" वगैरे कळत नाही.

टॉवरमध्ये हे कसं दिसतं ते सांगतो. समोर बोर्डावर प्रत्येक विमानाची एक पट्टी असते, स्ट्रिप म्हणतात, आता बऱ्याच ठिकाणी ती स्क्रीनवर आली पण आमच्या काळी कागदाची, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये. रनवेवर जीप गेली, माणसं गेली, की एक लाल पट्टी रनवेच्या खणात आडवी टाकायची, बोर्डावर नजर गेली की ती आधी दिसली पाहिजे. कारण माणूस विसरतो. हुशार माणूस पण विसरतो, उलट हुशार जास्त विसरतो कारण त्याला डोक्यावर भरवसा असतो. १९९१ साली लॉस एंजेलिसला रात्री हेच झालं. कंट्रोलरनं एक छोटं विमान रनवेवर मधल्या एका जोडरस्त्यातून आणून उभं केलं, दुसऱ्या कामात गुंतली, आणि ते तिथं उभं आहे हे डोक्यातून गेलं. मागून येणाऱ्या बोइंगला उतरायची परवानगी दिली. रात्रीची वेळ, रनवेचे दिवे आणि उभ्या विमानाच्या शेपटीचे दिवे लांबून एकातच मिसळतात, पायलटला शेवटपर्यंत दिसलं नाही. ३५ माणसं गेली. म्हणून रात्री "रनवे मोकळा दिसतोय" या वाक्याला मी तरी काडीची किंमत देत नाही.

मी काय करायचो, तर विमान पाच-सहा मैलांवर आलं की रनवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेनं चालत जायचो, मग परत उलटं. दुर्बीण हाताशी. मग बोर्ड. मग वारा. हे सगळं जमलं तर "विंड टू सिक्स झिरो डिग्रीज, वन टू नॉट्स, क्लिअर्ड टू लँड". नाही जमलं तर "कंटिन्यू अप्रोच", म्हणजे ये बाबा पुढं, पण परवानगी अजून दिलेली नाही. लोकांना वाटतं की कंटिन्यू म्हणजे होच. नाही. दोन मैलांवर विमान जमिनीपासून साडेसहाशे फुटांच्या आसपास असतं आणि थ्रेशोल्डला पोचायला पन्नास-एक सेकंद राहिलेले असतात. तिथपर्यंत परवानगी कानावर आली नाही की कॉकपिटमध्ये विमान चालवणारा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनच्या दांड्यावर, घट्ट करतो. आणि तरी नाही जमलं तर "गो अराउंड", म्हणजे उतरू नको, परत वर जा. तिथं पायलटनं का, कशाला विचारायचं नाही, "गोइंग अराउंड" म्हणायचं आणि निघायचं, कारण नंतर सांगतात.

आपल्याकडं आणि बऱ्याच देशात नियम असा आहे की पुढं उतरणाऱ्या विमानानं थ्रेशोल्ड ओलांडल्याशिवाय मागच्याला क्लिअर्ड टू लँड म्हणायचंच नाही. म्हणजे एका वेळी लँडिंगची परवानगी एकाच्याच खिशात. अमेरिकेत तसं नाही. तिथं "नंबर टू, क्लिअर्ड टू लँड" असं लांबवरूनच सांगून टाकतात, पुढचा जाईल बाहेर असं गृहीत धरून. त्यांचं ट्रॅफिक बघता त्यांना ते करावं लागतं हे मान्य, रेडिओवर बोलायलाच वेळ मिळत नाही. पण मला स्वतःला ती पद्धत कधी पटली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्टिनला धुक्यात एका कार्गो विमानाला उतरायची परवानगी देऊन ठेवली, आणि त्याच रनवेवरून एका प्रवासी विमानाला टेकऑफला सोडलं, जाईल की तेवढ्यात म्हणून. ते रेंगाळलं. टॉवरला धुक्यामुळं दोन्ही दिसेनात. कार्गोच्या पायलटनीच ओळखलं आणि वर घेतलं, दोन विमानांत २०० फुटांपेक्षा कमी अंतर राहिलं होतं. इंग्लंडमध्ये मधला मार्ग आहे, दिवसा, रनवे लांब असेल आणि मागच्या पायलटला पुढचं विमान स्वच्छ दिसत असेल तर त्याला "लँड आफ्टर" म्हणतात, म्हणजे पुढच्याच्या मागं उतर, पण अंतर राखायची जबाबदारी तुझी. हे निदान प्रामाणिक तरी आहे.

आयकाओच्या नियमात सूट पण आहे, नाही असं नाही. छोट्या विमानांसाठी, म्हणजे दोन टनांच्या आतली एका इंजिनची पंख्याची विमानं, जी फ्लाइंग क्लबात असतात, पुढचं उतरून ६०० मीटर पुढं गेलं असेल, चालू असेल आणि मागं न फिरता बाहेर पडणार असेल तर मागचं आत येऊ शकतं. त्याहून जरा मोठ्यांना १५०० मीटर, आणि बाकी सगळ्यांना २४०० मीटर. पण त्याला अटी केवढ्या. दिवस पाहिजे, तोही सूर्योदयानंतर अर्धा तास ते सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास. दृश्यमानता किमान पाच किलोमीटर, ढग ३०० मीटरच्या खाली नकोत, मागून वारा पाच नॉटच्या वर नको, रनवे ब्रेक नीट लागतील असा पाहिजे. आता हे आपल्या कोल्हापूरला लावून बघ. आपला रनवे वाढवून वाढवून जेमतेम १९०० मीटरच्या घरात आलाय, तिथं २४०० मीटरची सूट घेणार कुठून. आणि जुलैत तर ढग डोक्यावर बसलेले, रनवे पाण्यानं चमकतोय. म्हणजे इथं सरळ जुना नियम, पुढचा पूर्ण बाहेर, मगच मागचा आत.

आपल्या विमानतळाचा विषय निघालाच तर, राजाराम महाराजांच्या काळातला हा, १९३९ चा, पुढं मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, रात्री उतरायची सोय झाली, सगळं चांगलंच आहे. रनवेवर ०७ आणि २५ असे आकडे आहेत, म्हणजे एका बाजूनं दिशा साधारण ७० अंश आणि दुसऱ्या बाजूनं २५०. पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा २५ वर उतरणं सोयीचं. गोकुळ शिरगावच्या बाजूला उभं राहून विमानं बघणारी पोरं मला नेहमी विचारतात की एक विमान उतरलं तरी दुसरं लगेच का येत नाही, एवढी मोकळी जागा. त्याचं उत्तर सगळ्या छोट्या विमानतळांना लागू आहे. जिथं समांतर टॅक्सीवे टोकापर्यंत नसतो तिथं विमानाला उतरून, थांबून, टोकाला वळून रनवेवरूनच माघारी यावं लागतं, त्याला बॅकट्रॅक म्हणतात. वळायला अर्धा-एक मिनिट, परत यायला दोन मिनिटं, मग बाहेर पडणं. म्हणजे मोठ्या विमानतळावर जे काम मिनिटभरात होतं त्याला इथं चार मिनिटं. तेवढ्या वेळात १४० नॉटवालं विमान नऊ-दहा मैल येतं. म्हणून मागच्याला लांबच धरावं लागतं, वर फिरवत.

आता विमानं सोडून बाकीचं. रनवे क्लिअर नसायला दुसरं विमानच लागतं असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात टेकऑफच्या रोलवर असलेल्या विमानाच्या पायलटला समोर रनवेवर जीप आणि एक माणूस दिसला, त्यानं वेळेआधीच नाक उचललं, शेपटीकडचा भाग घासला, पण सगळे दिल्लीला सुखरूप पोचले. २०१४ साली सुरतेला रात्री टेकऑफ घेताना बोइंग म्हशीला धडकलं. म्हैस काळी, रात्र काळी, टॉवर काय बघणार. आणि पॅरिसचं कॉन्कॉर्ड तर एका पत्र्याच्या पट्टीनं गेलं, आधी उडालेल्या विमानाची पडलेली पट्टी, टायर फुटला, टाकी फुटली, ११३ माणसं गेली, ते २००० साल होतं. म्हणून मोठ्या रनवेची दिवसातून किमान दोनदा गाडी घालून तपासणी करायचीच असा नियम आहे, आणि छोट्या ठिकाणी तर विमान यायच्या आधी एक फेरी मारतातच. पावसाळ्यात गांडुळं रनवेवर येतात, गांडुळांमागं बगळे आणि टिटव्या, आणि टिटवी हा फार हट्टी पक्षी आहे, फटाका वाजवला की उडतो, एक गोल मारतो आणि परत तिथंच येऊन बसतो. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करायची नाही, कचरा टाकायचा नाही, असं १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्सच्या ९१ नंबरच्या नियमात होतं. हे विमानतळाभोवती राहणाऱ्या किती जणांना माहीत आहे ते तूच विचारून बघ, उजळाईवाडीत तुझे पाहुणे आहेत की.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो, विमानतळाचं नाव राहू दे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. ऑगस्टचा पाऊस, भुरभुर चालू. पक्षी हाकलायला जीप रनवेवर गेली होती, त्यात ड्रायव्हर आणि मागं दोघं. विमान सात मैलांवर आलं तशी मी जीपला बाहेर काढलं. ड्रायव्हर रेडिओवर म्हणाला, "टॉवर, रनवे व्हेकेटेड", मी बघितलं, जीप खरंच रेघेच्या पलीकडं उभी. लाल पट्टी उचलली. क्लिअर्ड टू लँड देऊन टाकलं. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, सवय म्हण, परत एकदा नजर फिरवली, तर रनवेच्या कडेला गवतात काहीतरी पिवळं. दुर्बीण लावली. रेनकोट. वाकलेला माणूस. मेलेला बगळा उचलायला एकजण खाली उतरला होता आणि ड्रायव्हरनं मागं वळून न बघताच गाडी काढली होती. तो माणूस रनवेच्या डांबरावर नव्हता हां, कडेपासून वीसेक मीटर बाहेर गवतात होता. विमान तोपर्यंत दीड मैलावर. डोक्यात एक सेकंद असं आलं पण, की विमान त्याच्या अंगावरून तर जाणार नाही, पंखाचं टोकही तिथपर्यंत येत नाही, जाऊ दे उतरू. खोटं कशाला बोलू, आलंच होतं मनात. पण रनवेच्या दोन्ही बाजूंची जी मोकळी पट्टी असते ना, तिलाही स्ट्रिप म्हणतात, टॉवरमधली कागदाची पट्टी नव्हे, ती पण रनवेसारखीच मोकळी लागते, ओल्या रनवेवर विमान घसरलं तर त्या गवतातच जाणार. गो अराउंड दिलं. पायलट वैतागला, आवाजावरून कळलं, दुसऱ्या खेपेला उतरल्यावर विचारलं त्यानं रेडिओवर, "रीझन फॉर गो अराउंड?" मी सांगितलं, "मॅन ऑन रनवे स्ट्रिप". दोन सेकंद शांतता, मग "रॉजर, थँक यू". तो रेनकोटवाला संध्याकाळी टॉवरच्या खाली चहाच्या गाडीवर भेटला, त्याला काही पत्ताच नव्हता, मला म्हणतो, साहेब आज ते विमान वरच्यावर का हो गेलं?

तेव्हापासून जीप बाहेर आली की मी विचारायचो, गाडीत किती माणसं गेली होती आणि किती परत आली. नियमात हे वाक्य असंच लिहिलेलं नाही, पण माझ्याबरोबर शिफ्ट केलेल्या पोरांना ते माहीत आहे.

अजून एक, रनवे पूर्ण रिकामा असला तरी कधी कधी थांबावं लागतं. मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात, डोळ्याला दिसत नाहीत, लहान विमान त्यात सापडलं तर उलटं होऊ शकतं. म्हणून उतरताना जंबो किंवा तसल्या जड विमानाच्या मागं मध्यम विमानाला दोन मिनिटं आणि अगदी हलक्याला तीन मिनिटं. आणि जिथं दोन रनवे एकमेकांना छेदतात, आपल्या मुंबईसारखे, तिथं दुसऱ्या रनवेवरचं विमान त्या छेदाच्या पलीकडं गेलं का हेही बघायचं. तो मोठा विषय आहे, परत कधीतरी.

आता ठरवतं कोण. टॉवर असेल तिथं परवानगी टॉवरची. पण परवानगी म्हणजे गॅरंटी नाही, हे पायलटला पहिल्या दिवसापासून शिकवतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडाला काय झालं आठव. उतरणाऱ्या एअरबस ३५० ला रीतसर परवानगी होती. कोस्ट गार्डच्या छोट्या विमानाला टॉवरनं सांगितलं होतं "नंबर वन", म्हणजे उडायच्या रांगेत तू पहिला, होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे रनवेच्या अलीकडं थांबायच्या रेघेपर्यंत, ये. तिथल्या पायलटचा समज झाला की रनवेवर यायलाच सांगितलंय. तो आला आणि उभा राहिला. टॉवरमध्ये स्क्रीनवर रनवेवर कुणीतरी आहे अशी खूण येत होती, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठ्या विमानातली ३७९ माणसं जळत्या विमानातून उतरून वाचली, छोट्यातल्या सहापैकी पाच गेली. म्हणजे परवानगी होती, नियम होते, यंत्र होतं, आणि रनवे क्लिअर नव्हता. म्हणून शेवटचा डोळा पायलटचा. त्याला काही खटकलं, तर टॉवर काहीही म्हणो, तो वर घेऊ शकतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलत नाही, बोलता कामा नये. चाकं टेकल्यावर सुद्धा, जोपर्यंत रिव्हर्स, म्हणजे थांबायला इंजिनचा उलटा जोर, लावलेला नाही तोपर्यंत, परत वर जाता येतं. तुमच्या पायलटला टॉवरनं सांगितलं की त्यानं स्वतः घेतलं हे मला इथून कळणार नाही.

आणि रेडिओच बंद पडला तर? तेव्हा टॉवरमधून दिव्यानं खुणा करतात, सलग हिरवा म्हणजे उतर, सलग लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत रहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नको. ती बंदुकीसारखी बत्ती प्रत्येक टॉवरमध्ये टांगलेली असते. मी एवढ्या वर्षांत खऱ्या कामासाठी एकदाच वापरली, बाकी वेळा फक्त चार्ज आहे का बघायला.

आईचं राहिलं. त्यांना सांग, की जे झालं त्याला गो अराउंड म्हणतात आणि पायलट सिम्युलेटरवर त्याची पुन्हा पुन्हा प्रॅक्टिस करतात. आवाज वाढतो कारण इंजिनला एकदम ताकद दिलेली असते, नाक वर जातं म्हणून पोटात कालवतं, चाकं आत घेतानाचा धाडकन आवाज असतो तो. परत फिरून यायला लागणारं इंधन आधीच हिशोबात धरलेलं असतं, वर अर्ध्या तासाचं राखीव असतं ज्याला सहसा हात लावत नाहीत. पुढच्या वेळी त्यांना पंखाजवळची सीट घे, तिथं हेलकावा सगळ्यात कमी. आणि तरी नाहीच म्हणाल्या तर महालक्ष्मी एक्सप्रेस आहेच की, पण त्यांना म्हणावं, तीसुद्धा पुढचा ब्लॉक, म्हणजे रुळांचा पुढचा टप्पा, क्लिअर नसला की मिरजेच्या अलीकडं सिग्नलला उभी राहते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.